क्लॅम्पचे चार नट

ते चारही नट मीच आवळले होते. तेरा नंबरच्या पान्याने, एका शुक्रवारी सकाळी, आमच्या कोपरच्या बिल्डिंगच्या आवारात गाडीखाली पाठीवर झोपून, पाना पुढे सरकेनासा होईपर्यंत. आणि दोन दिवसांनी ज्याला विचारायचा अधिकार होता त्याने सरळ विचारलं, "हात लावला का कोनी?" तेव्हा मी "नाही" म्हणालो. त्या एका शब्दाने माझ्या वडिलांची वीस वर्षांची मैत्री तुटली. मी ती सोळा वर्षं तुटलेलीच राहू दिली. सबब सांगायची म्हटली तर पुष्कळ सापडतील, पण त्या सगळ्या मी स्वतःला इतक्या वेळा सांगून झाल्यात, की आता लिहायची लाज वाटते.

कल्याण-शीळ रस्त्याला, गावच्या वेशीपाशी, तो प्रश्न विचारणाऱ्याचं सायलेन्सरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मध्ये गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा आणि भिंतीला टांगलेले जुने सायलेन्सर. गाव त्याचंच. आजोबांच्या काळात खाडीकाठी मिठागरं होती, वडिलांच्या काळात भातशेती. जमिनी गेल्या, त्यावर टॉवर आले, त्याचे चुलतभाऊ मोठ्या गाड्या घेऊन रस्त्यावर फिरू लागले आणि हा मात्र लोकांच्या गाड्यांखालीच राहिला. "खाली थंर असतं," असं तो सांगे. थंडला तो थंर म्हणे आणि गाडीला गारी. गावच्या बोलीत सगळेच तसं म्हणत.

माझे वडील ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटला म्हणून ते पहिल्यांदा त्याच्याकडे गेले, तेव्हा मी आठवी-नववीत असेन. मी स्कूटरवर मागे बसून गेलेलो. काम दोन तासांचं निघालं. बाबांच्या पिशवीत रविवारचा पेपर होता. तिथे एका मोडक्या मोटारीचं मागचं सीट बाकासारखं टाकलेलं असे, त्यावर बसून त्यांनी तो उघडला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले. घरीही ते तसंच वाचत, आई पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. खड्ड्यातून आवाज आला, "जरा जोरात वाच ना मास्तर, हिकरं नीट आयकू येत नाय."

बाबा मास्तर नव्हते, पण त्या दिवसापासून झाले. आणि ते त्याला दादूस म्हणू लागले, तिकडच्या बोलीत मोठा भाऊ. पुढच्या रविवारी स्कूटरला काही झालं नव्हतं, तरी बाबा पेपर घेऊन गेले. मग तो रिवाजच पडला. नऊ वाजता आंघोळ, नाश्ता, आणि पेपर न उघडताच पिशवीत. घरी उघडलेला पेपर तिकडे न्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. आई चिडायची. "आम्हाला बातम्या कळायच्या सोमवारी," ती म्हणायची, "ते सुद्धा सायलेन्सरवाल्याच्या मतांसकट."

बारावीपर्यंत मी अनेक रविवार त्या सीटच्या काठावर बसून काढले. बातम्यांत मला रस नव्हता. मी वाट पाहायचो ती लग्नाच्या जाहिरातींची.

"ऐक दादूस," बाबा म्हणत. "मुलगा निर्व्यसनी, मितभाषी, स्वतःचं घर."

खड्ड्यातून ठोकण्याचा आवाज थांबे. "मितभाषी म्हंजे काय रं?"

"कमी बोलणारा."

"ते लगीन झाल्याव आपोआप व्हल. जाहिरात कशाला कराची?"

बाबा हसून हसून चष्मा काढून पुसत. घरी इतकं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

त्याची कामाची पद्धत मला आजही पाठ आहे. कुठलीही गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला: "कोनी हात लावलाय का हिला?" तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्या कोणी आधी काही खटपट केली असेल तर सांगा, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक चाचरलं की म्हणे, "डाक्टरला आन मना खरं सांगाचं." मग तो गाडी चालू करायला लावी आणि हातभर लांब कळकाची काठी घेऊन खाली उतरे. काठीचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटून तो तसा उभा राही आणि आम्ही सगळे गप्प. बाबाही वाक्याच्या मध्ये थांबत.

सायलेन्सर खडखडतो म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी टेकतो. कुठे टेकतो ते शोधायला तो खडू वापरी. शाळेतला साधा पांढरा खडू. पाइपच्या आसपास गाडीचा जो जो भाग जवळ येतो तिथे तो जाड खडू फासून ठेवी आणि गिऱ्हाइकाला रस्त्यावर एक चक्कर मारून यायला सांगे. गाडी परत आली की पाइपवर जिथे पांढरं उमटलं असेल तिथे दुखणं. मी कॉलेजात नोकरीला लागल्यावर खडूच्या पेट्या त्याला मीच नेऊन देत असे. बाबा मोठ्या तोऱ्यात सांगत, "दादूस, हा खडू फिजिक्सचा आहे बरं का. माझा मुलगा याच्यानेच कंपनं शिकवतो." दर रविवारी हे एकदा तरी व्हायचंच. तो खडू हातात घेऊन उलटसुलट करून पाही आणि म्हणे, "मंग आवाज बराबर पकरल."

नवीन सायलेन्सर बसवताना त्याचा आणखी एक नियम होता आणि माझी सगळी गोष्ट त्या नियमापाशीच अडकली आहे. तो जोडांवरचे क्लॅम्प, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्या, पहिल्या दिवशी पुरते आवळत नसे. पडणार नाही इतपत घट्ट, अर्धा फेरा सैल. गिऱ्हाइकाने चार दिवस गाडी चालवायची. पाइप तापतो, निवतो, पुन्हा तापतो आणि हळूहळू आपल्या जागी बसतो. मग गाडी गरम असतानाच परत आणायची आणि तो इंजिनाकडून सुरुवात करून मागे येत येत एकेक नट शेवटचा आवळी. पुष्कळ लोक कुरकुरत की एका कामाला दोन खेपा कशाला. पण त्याच्याकडचा सायलेन्सर पुन्हा खडखडलाय असं कोणी सांगत आलेलं मी पाहिलं नाही.

मी चौतिशीत असताना जुनी गाडी घेतली, छोटी, चार दरवाजांची. वर्षभरात तिचा सायलेन्सर गंजून गेला. कंपनीचा मिळत होता, थोडं थांबावं लागणार होतं इतकंच. पण मी कल्याणच्या बाजारात एक बाहेरचा पाहिला होता. चकचकीत स्टीलचा, मागे जाड तोंडाचा, आवाज भारदस्त. ठाण्याला कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना तो आवाज कसा वाटेल हे मी मनात ऐकूनही घेतलं होतं. एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, सायलेन्सर कागदात गुंडाळून मी दुकानात नेला, बाबाही सोबत आले.

त्याने कागद सोडला, हात फिरवला. "तुजे गारीचा नाय रे ह्यो. दुसऱ्याचं पायतान घातल्यासारखं हाय."

"बसणार नाही का, काका?"

"बसवीन मी. पन त्याला येल लागल बसाला." वेळ लागेल, असं तो म्हणत होता.

त्याला मागची लोखंडी पट्टी नव्याने करावी लागली. सायलेन्सर गाडीखाली रबरांत लटकतो आणि ती रबरं या पट्टीत अडकवलेली असतात. त्याने पट्टी कापली, वाकवली आणि वेल्डिंगच्या टाक्याने पाइपला जोडली. पाइप आणि गाडीचा पत्रा यांत दोन बोटं घालून पाहिली, सगळीकडे दोन बोटं जागा आहे याची खात्री केली. चार क्लॅम्प अर्धा फेरा सैल ठेवले आणि वर येऊन मला म्हणाला, "रैवारी सांजचे आन, गरम गरम. तोवर हात लावाचा नाय."

बाबा बाकावरून म्हणाले, "त्याला काय सांगतोस दादूस, त्याला तर तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

ते गमतीत म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं.

तीन दिवस गाडी तशीच चालवली. सैल जोडांतून थोडा चिरचिर आवाज यायचा, तो येणारच होता. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर आमच्या विभागप्रमुखांना मी स्टेशनपर्यंत सोडलं. त्यांनी कान टवकारले आणि हसून म्हणाले, "काय हो, गाडीत पाखरं पाळलीत वाटतं?" मीही हसलो. पण कान तापले. रात्रभर ती पाखरं डोक्यात राहिली.

शुक्रवारी सकाळी मी खाली उतरलो, जॅक लावला आणि गाडीखाली शिरलो. मनात स्पष्ट होतं, नट सैल आहेत म्हणून आवाज येतो, नट आवळले की आवाज थांबेल. फळ्यावर पाच मिनिटांत सिद्ध करता येईल असा सोपा विचार. मी हाताला लागला तो मागचा क्लॅम्प आधी आवळला आणि तिथून पुढे गेलो, म्हणजे नेमका त्याच्या उलट्या क्रमाने. पाइप अजून आपल्या जागी बसलेला नव्हता. तो एका बाजूला ओढला गेलेला असताना मी त्याला तसाच जखडून टाकला. दोन रबरं तिरकी ताणली गेली होती, ती मी पाहिली आणि काही नाही म्हणून सोडून दिली. गाडी चालू केली. आवाज गेला होता. मला फार आनंद झाला, हे मला आठवतं. मी पाना पुसून ठेवला आणि वर जाऊन पोहे खाल्ले.

शनिवारी गाडी पन्नासच्या वर गेली की पायाखाली गुणगुण सुरू व्हायची. नुसता आवाज नव्हे, सगळा तळ थरथरायचा आणि आरशातलं चित्र पुसट व्हायचं. इंजिनाचं हलणं आता रबरांत जिरत नव्हतं, ते सरळ त्या पट्टीवर जात होतं. नादकाटा टेबलाला टेकवला की सगळं टेबल कसं गुंजतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आलो होतो. माझ्याच पायाखाली तेच चाललं होतं आणि मी म्हणत होतो, नवीन आहे, बसेल.

रविवारी आंबिवलीला आईच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. मी, आई, बाबा निघालो. त्या रविवारी बाबांनी पेपर सोबत घेतला होता. येताना दुकानात थांबायचंच होतं, शेवटचं आवळून घ्यायला. कल्याण सोडलं आणि थोड्या वेळात मागून मोठा खडखडाट झाला. पट्टी तुटून सायलेन्सर रस्त्यावर पडला होता आणि ठिणग्या उडवत आमच्या मागे घसटत येत होता. मागच्या स्कूटरवाल्याने तो चुकवायला ब्रेक दाबला आणि तो आडवा झाला. सुदैवाने त्याचे फक्त तळहात सोलवटले. तो उठला, शिव्या दिल्या, मी हात जोडले. आई रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली. ओटीची पिशवी तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. बाबा तिच्यासाठी रिक्षा थांबवायला पुढे गेले.

आईला रिक्षाने पुढे पाठवून मी सायलेन्सर तारेने बांधला आणि आम्ही दोघे दुकानात आलो. त्याने नेहमीप्रमाणे बाकावरची धूळ फडक्याने झटकली. बाबा बसले नाहीत.

"दादूस, तुझा टाका सुटला. भर रस्त्यात."

तो खड्ड्यात उतरला. मी वरून पाहत होतो. त्याने तुटलेली पट्टी पाहिली, मग ताणलेलं रबर, मग एकेका क्लॅम्पवरून अंगठा फिरवला. नटांच्या कडांवर पान्याच्या ताज्या चकचकीत खुणा होत्या. मला त्या वरूनही दिसत होत्या. शेवटच्या क्लॅम्पपाशी त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. मग तो वर आला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हात लावला का कोनी?"

बाबा शेजारी उभे होते. मी म्हणालो, "नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागाने नाही. अजून बोलायचं असेल तर बोल, इतका वेळ त्याने मला दिला. मी खडूच्या पेटीकडे बघत होतो. मग तो बाबांकडे वळला. "मंग माजाच टाका सुटला, मास्तर."

"सुटतोच कसा?" बाबांचा आवाज चढला. मी त्यांना कधी कोणावर असं ओरडताना ऐकलेलं नव्हतं. "वीस वर्षं बघतोय मी. लोकांच्या गाड्यांना दोन दोन खेपा घालायला लावतोस आणि माझ्या घरच्या गाडीला असं काम? माझं माणूस होतं आत. मागे कोणी मेला असता तर?"

"चुकलो," तो म्हणाला.

बाबा रस्त्यावर जाऊन रिक्षात बसले. पेपर पिशवीतच होता, न उघडलेला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणायला एकटा गेलो. त्याने नवीन पट्टी केली होती, सगळे जोड मोकळे करून पाइप पुन्हा बसवला होता. किल्ली हातात देताना म्हणाला, "तुजे बापसाला तुजं लय कवतिक हाय. ते माज्यानं मोरवत नाय." मोडवत नाही, असं तो म्हणत होता. "मी काय बोलनार नाय, तू बोल. आज नाय तर उंद्या बोल. आन रैवारी ये म्हनावं त्याला."

मी मान हलवली. घरी येऊन बाबांना सांगितलं, "गाडी झाली." पुढचं सांगितलं नाही. रविवारचा निरोपही दिला नाही, कारण निरोप दिला असता तर ते कदाचित गेले असते आणि गेले असते तर कधीतरी विषय निघाला असता. मी इतका पुढचा विचार केला होता.

त्यानंतर बाबा रविवारचा पेपर गॅलरीत बसून वाचू लागले. मनात. एकदा आई म्हणाली, "मोठ्याने वाचा की, पूर्वीसारखं." त्यांनी लग्नाची एक जाहिरात वाचली आणि थांबले. खालून कोणी काही बोलेल अशी वाट बघितल्यासारखे थांबले. मग पान उलटलं. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. बिल्डिंगमध्ये त्या अपघाताची गोष्ट पसरली होती, जिन्यात कोणीतरी म्हणालं, "त्या सायलेन्सरवाल्याकडे नका जाऊ, त्याचे टाके सुटतात." तेव्हाही मी जिना उतरत राहिलो.

रस्ता रुंद झाला, त्याची शेड गेली. ती गाडीही मी विकली. त्या गाडीचा सायलेन्सर शेवटपर्यंत खडखडला नाही. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाबा आता ऐंशीचे आहेत आणि त्यांना ऐकू फार कमी येतं. मशीन आणून दिलं, ते कपाटात ठेवतात. दिवसभर घरात एकटे. पेपर येतो, घडी न मोडता पडून राहतो.

गेल्या हिवाळ्यात मी सध्याच्या गाडीचा सायलेन्सर बदलून घेतला. पुन्हा बाहेरचाच, आता मात्र कंपनीचा खरोखर मिळत नव्हता म्हणून. एका सकाळी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठाण्याला नेत होतो. खडखड मला ऐकू येत होती, त्यांना येणं शक्यच नव्हतं. कळव्याच्या जवळपास ते एकदम म्हणाले, "पायाला लागतंय."

"काय बाबा?"

"थरथर. सायलेन्सर कुठेतरी टेकतोय." त्यांनी पाय उचलून पुन्हा टेकवला. "त्याच्याकडे ने."

कोणाकडे, असं मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्याविषयी बोलत होते.

"एकदा चुकला असेल तो," बाबा म्हणाले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात. "माणूस आहे. मीच त्या दिवशी जास्त बोललो. तुझी आईसुद्धा म्हणायची, इतकं बोलायला नको होतं. तेव्हाच जाऊन त्याला सांगायला हवं होतं. राहून गेलं."

मी गाडी चालवत होतो. इतकी वर्षं मी समजत होतो, की बाबा त्याच्यावर रागावून बसलेत. ते स्वतःवर रागावले होते. माझं ओझं बाबा आणि काका दोघांनी वाहिलं होतं आणि आपण कसलं ओझं वाहतोय हे एकाला माहीतच नव्हतं.

त्याचा पत्ता जुन्या गावात विचारून मिळाला. दुकान गेल्यावर तो आंबिवलीला मुलीच्या शेजारी राहायला गेला होता. घरालगत छोटी शेड होती, ओळखीच्यांची कामं तेवढी करत असे. मी रविवार निवडला. सकाळी निघताना बाबांनी पेपर मागितला आणि न उघडता पिशवीत टाकला. मी ते पाहिलं आणि वाटेत दोनदा बोलायला तोंड उघडलं. पण चालत्या गाडीत, त्यांना न ऐकू येणाऱ्या आवाजात बोलून टाकणं म्हणजे न बोलण्यासारखंच होतं, आणि ते मला माहीत होतं.

तो बाहेर आला तेव्हा मी त्याला चालण्यावरून ओळखलं. गुडघे गेले होते, केस सगळे पांढरे. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. बाबा खाली उतरले नव्हते, पिशवी मांडीवर धरून समोर बघत होते.

"मास्तर," तो म्हणाला.

"काय?"

"बेहेरा झाला काय रं तू?" तो ओरडला.

"तूच हळू बोलतोस," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून खड्ड्यात बोलायची सवय."

तो हसला. त्याने शेडमधून काठी आणली. तीच की दुसरी, मला सांगता येणार नाही. मला गाडी चालू ठेवायला सांगून एका लाकडी पाटावर कसाबसा आडवा झाला, काठी पाइपला लावली, दुसरं टोक कानामागे टेकवलं आणि डोळे मिटून, जुन्या सवयीने, माझ्याकडे न बघताच विचारलं, "कोनी हात लावलाय का हिला?"

मग त्याने डोळे उघडले. प्रश्न आपण कोणाला विचारला, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. मी काही बोलायच्या आत बाबा दार उघडून उतरले होते. एका हाताने गाडी धरून ते त्याच्याजवळ आले.

"दादूस," ते म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोललो. मनात ठेवू नकोस. टाका काय, कधीतरी कोणाचाही सुटतो."

तो पाटावर उठून बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली. एकवार माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "सुटतो, मास्तर. सुटतो कवाकवा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतकंच होऊन गेलं असतं. पेपर उघडला गेला असता, चहा आला असता, बाबा त्याला माफ करून आनंदाने घरी आले असते. त्याने माझ्यासाठी दुसऱ्यांदा ते अंगावर घेतलं होतं आणि ते तसंच त्याच्या अंगावर राहिलं असतं.

"बाबा, टाका सुटला नव्हता," मी म्हणालो.

"काय?" बाबांनी कानाला हात लावला. इंजिन चालूच होतं. "काय म्हणतोस?"

"टाका—"

"जोरात बोल. काही कळत नाही."

तो पाटावरून उठला, गाडीच्या दारातून आत वाकला आणि किल्ली फिरवली. सगळं थांबलं. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत असलेल्या त्याच्या मुलीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तो मला म्हणाला, "बोल आता."

सोळा वर्षं मी हे हळू आवाजात बोलायची तयारी केली होती. मला ते ओरडून बोलावं लागलं.

"बाबा, काकांचं काही चुकलं नव्हतं. नट मी आवळले होते, शुक्रवारी, खाली आवारात. त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, तरी आवळले. पट्टी माझ्यामुळे तुटली. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि त्यांना कळलं होतं तरी तुमच्यासमोर त्यांनी मला सांभाळून घेतलं. रविवारी ये म्हणून त्यांनी तुम्हाला निरोप दिला होता, तोही मी दिला नाही. काका, मला माफ करा. बाबा, तुम्हीही. मी हात लावला होता."